सात घरांचे अन्न

माझ्या आजोबांच्या पश्चात राहिलेल्या चीजवस्तूंत, एका जुन्या पंचांगाच्या पानांत, कसरीने कुरतडलेला कागदाचा अर्धा ताव सापडला. त्यावर बोरूने, काही मोडी आणि काही बाळबोध अशा अक्षरांत, रविवारपासून शनिवारपर्यंतचे सात वार एकाखाली एक मांडलेले होते, प्रत्येक वारासमोर एक आडनाव आणि एक पेठ लिहिलेली होती, आणि गुरुवारासमोरची जागा मात्र कोरी होती. घरातील तरुण मंडळींना त्या कागदाचा उलगडा होईना. कोणी म्हणाले, ही उगराणीची याद असावी, कोणी म्हणाले, पूजा सांगावयाच्या यजमानांची घरे असावीत. माझ्या वडिलांनी तो कागद हाती घेतला, क्षणभर वाचला आणि कपाळाला लावला. कोकणातील एका खेड्यातून बाराव्या वर्षी पुण्यास शिकावयास आलेल्या मुलाच्या अन्नाची ती यादी होती. गुरुवार कोरा होता, कारण त्या साली गुरुवारचे घर जुळलेच नव्हते. त्या दिवशी तो मुलगा झोळी घेऊन माधुकरीला जाई, आणि तेही न साधले तर मूठभर फुटाणे खाऊन वर तांब्याभर पाणी पिई.

महाराष्ट्रातील शिक्षणाचा इतिहास आपण बहुधा शाळांच्या स्थापनेच्या सनांनी, संस्थापकांच्या नावांनी आणि सरकारी ठरावांनी मोजत आलो आहोत. परंतु ज्या काळी वसतिगृहे जवळजवळ नव्हती आणि शिष्यवृत्त्या बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, त्या काळी घाट चढून पुणे, सातारा, वाई, सांगली, नाशिक अशा गावी येऊन पडलेली ही मुले दोन वेळ जेवत कोठे होती, हा साधा प्रश्न त्या इतिहासात क्वचितच विचारला जातो. माझी अशी दृढ समजूत आहे की, मनुष्याच्या ज्या गोष्टीला आपण पुढे त्याचा स्वभाव म्हणतो आणि ज्या गोष्टीला त्याचे ज्ञान म्हणतो, त्या दोहोंचाही मोठा भाग त्याने दहाव्या ते अठराव्या वर्षापर्यंत कोणाच्या पाटावर बसून अन्न खाल्ले, यावर ठरून गेलेला असतो. वार लावून जेवण्याच्या, म्हणजे आठवड्याच्या प्रत्येक वारी एकेका ठरलेल्या घरी जेवण्याच्या, रिवाजाकडे मी या दृष्टीने पाहतो.

रिवाजाचे मूळ ब्रह्मचर्याश्रमात आहे. उपनयन झालेल्या बटूने भिक्षा मागून आणावी आणि ती गुरूपुढे ठेवावी, हा गृह्यसूत्रांचा दंडक. मुंजीत भिक्षावळीचा विधी आजही होतो, आणि त्यात बटू पहिली भिक्षा आपल्या आईपाशी मागतो. जेथे नकाराची धास्ती नाही त्या ठिकाणी मागण्याचा पहिला पाठ घ्यावा, हा शास्त्रकारांचा विचार किती सूक्ष्म आणि किती कनवाळू आहे! माधुकरी हा शब्द यतींच्या आचारातला. भ्रमराने एकाच फुलाला न शिणवता अनेक फुलांतून कण कण मध घ्यावा, त्याप्रमाणे अनेक दारांतून थोडे थोडे शिजलेले अन्न घ्यावे, हा त्याचा अर्थ. वार हे त्याच वृत्तीचे गृहस्थी रूप होय. माधुकरीत दार अनिश्चित आणि घास थोडा, तर वारात दार ठरलेले आणि पान पूर्ण. ‘ॐ भवति’ म्हणून उभा राहणारा माधुकरीचा मुलगा उंबरठ्याच्या बाहेर असे, वाराचा मुलगा उंबरठ्याच्या आत येई. आणि त्या एका पावलाच्या अंतरात त्याला जे दिसले, ते कोणत्याही शाळेत दिसण्यासारखे नव्हते.

वार लागण्याची तजवीज साधारणतः अशी होई. गाव सोडताना वडिलांनी अगर मामांनी पुण्यातील एखाद्या आप्ताच्या, आप्ताच्या आप्ताच्या किंवा निव्वळ आडनावबंधूच्या नावे चिठी दिलेली असे. ती घेऊन मुलगा वाड्याच्या दिंडीदरवाजात उभा राही. ओसरीवर त्याचे गोत्र, शाखा, गाव आणि वडिलांचे नाव विचारले जाई, एखादे स्तोत्र म्हणवून घेतले जाई, आणि मग माजघरातून होकार आला म्हणजे त्या घरचा एक वार पक्का होई. होकार माजघरातून येई, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. बोलणारा यजमान ओसरीवर बसलेला असला, तरी डब्यात पीठ किती उरले आहे हे त्याला ठाऊक नसे. एका घराने शेजारचे घर सुचवावे, शेजारच्याने आपल्या व्याह्याचे, अशा रीतीने दोन-तीन महिन्यांत आठवडा भरत येई. काहींचा तो कधीच भरत नसे.

भरलेला आठवडाही अखंड चाले असे नाही. घरात सोयर किंवा सुतक आले की दहा दिवस त्या घरचे अन्न वर्ज्य, म्हणजे तो वार बुडाला. एकादशीचा वार ज्या घरी येई तेथे उपासाच्या जिनसांवर भागवावे लागे; घरची मंडळी पंढरीला गेली, सासुरवाशीण बाळंतपणाला माहेरी गेली, की पुन्हा तोच प्रश्न. उलट भाद्रपदातील पितृपंधरवड्यात आणि चातुर्मासातील उद्यापनांत या मुलांना आग्रहाची आमंत्रणे असत, आणि सबंध वर्षाचे पुरण त्यांच्या पोटी त्या थोड्या दिवसांत पडे. जेवण झाल्यावर आपली पत्रावळ आपण उचलावी, जागेला शेणगोळा फिरवावा, हा शिरस्ता. या अन्नाच्या बदल्यात कोणी काही मागत नसे असे म्हणण्याची चाल होती, परंतु देवाची फुले आणि बेल आणून देणे, आडाचे पाणी शेंदणे, धाकट्या मुलांची उजळणी घेणे, दुपारच्या वेळी आजीबाईंना पोथी वाचून दाखवणे, आणि घरातील निरक्षर विधवा आत्याचे माहेरचे पत्र लिहून देणे, ही कामे वाराच्या मुलाकडे न सांगता येत.

पुण्यात हा रिवाज इतका रुजण्यास जुने कारण होते. सेनापती खंडेराव दाभाडे तळेगावी श्रावणमासात विद्वान ब्राह्मणांना दक्षणा वाटीत. १७३१ साली डभईच्या लढाईत त्र्यंबकराव दाभाडे पडल्यावर थोरल्या बाजीरावाने तो परिपाठ पुण्यास आणला, आणि पुढे पर्वतीच्या पायथ्याशी रमण्यात दरसाल दूरदूरचे वेदमूर्ती आणि शास्त्री जमू लागले. १८१८ साली पेशव्यांचे राज्य बुडाले. तथापि एल्फिन्स्टनने दक्षणेच्या रकमेचा काही भाग विद्येकडे वळवून १८२१ च्या ऑक्टोबरात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा उघडली, आणि १८४९ मध्ये लोकहितवादींसारख्या तरुणांनी तर याच निधीतून मराठी ग्रंथांना उत्तेजन द्यावे असा अर्ज सरकारात करून शास्त्रीमंडळींचा रोष ओढवून घेतला. राजाश्रय आटला, पण शिकणाऱ्या मुलाला जेवू घालणे हे पुण्य आहे ही समजूत शहराच्या पेठांत मुरलेली राहिली. म्हणून १८८० च्या जानेवारीत न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि १८८५ मध्ये फर्ग्युसन कॉलेज निघाले, तेव्हा नव्या विद्येसाठी येणाऱ्या मुलांना जुन्या विद्येच्या पाटावर जागा मिळाली. इंग्रजी व्याकरण घोकणारा मुलगा सोवळे नेसून पंगतीला बसला, आणि त्यात कोणालाही विसंगती दिसली नाही.

आता तो मुलगा त्या घरांत शिकला काय, ते पाहू. वडिलांच्या तोंडून आजोबांच्या ज्या हकीकती मी ऐकल्या, त्यांवरून माझ्या मनात एक चित्र तयार झाले आहे. सोमवारचे घर वकिलाचे होते. तेथे जेवताना पलीकडच्या खोलीतून कुळे, गहाणखते, वारसांचे तंटे आणि फिर्यादी कानांवर पडत. मंगळवारचे घर वैद्याचे. तेथे खलबत्त्याचा आवाज आणि नाडीची भाषा. बुधवारी सावकाराच्या घरी कीर्द-खतावणी कशी लिहितात ते दिसे, आणि व्याजाने दबलेला शेतकरी ओटीवर बसून पागोटे कसे काढून ठेवतो तेही दिसे. शुक्रवारचे घर एका भिक्षुकाचे, स्वतःच दुसऱ्याच्या दानावर जगणारे, आणि नवलाची गोष्ट ही की, आजोबांच्या आठवणीप्रमाणे सर्वांत आग्रहाने तेथेच वाढत. शनिवारी एका बालविधवेच्या हातचे जेवण असे. ती दिराच्या घरी राबत होती, पानावर तूप वाढण्याचा अधिकार तिला नव्हता, आणि म्हणून ती भाताच्या मुदीखाली तूप आधीच घालून ठेवी. ही भाताखालची तुपाची धार माझ्या आजोबांनी साठ वर्षे लक्षात ठेवली.

घराघराची आमटी निराळी होती. कोठे आमसूल, कोठे चिंच, कोठे ताकाचे सांबारे, आणि त्या चवीवरून घाटावरचे कोण व घाटाखालचे कोण हे त्याला डोळे मिटून सांगता येऊ लागले. परंतु त्याहून खोल ज्ञान असे की, महिन्याच्या कोणत्या तारखेला आमटी पातळ होते, आणि ती का होते, हे त्याला कळू लागले. सासू-सुनांचे अबोले, थोरल्या भावाची कर्जे, लपवलेला क्षय, लग्न न जमणारी मुलगी, हे सारे तो पाहत होता आणि त्याबद्दल चकार शब्द बाहेर काढावयाचा नाही, हेही शिकत होता. कारण एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी सांगणाऱ्या मुलाचे सातही वार एका आठवड्यात तुटत. मौन, निरीक्षण आणि दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून घरातील हवा ओळखणे, या तीन विद्या त्याला कोणत्याही पंतोजीने शिकविल्या नव्हत्या.

या शिक्षणाला दुसरी बाजू आहे आणि ती सांगितली नाही तर अप्रामाणिकपणा होईल. ज्या पानावर शिळे वाढले गेले ते पान मनुष्य विसरत नाही. घरच्या मुलाला दही आणि आपल्याला ताक, घरच्याला गरम पोळी आणि आपल्याला सकाळची भाकरी, पाहुणे आले म्हणजे ‘आज तू उद्याचा ये’ असे दारातून सांगणे, आणि चांगले गुण पडले तर यजमानाच्या नापास मुलाकडे पाहून ते गुण चोरून ठेवावे लागणे, या गोष्टी रोज सोसणाऱ्या बालकाच्या अंतःकरणात मिंधेपणाचा एक काटा रुतून बसे. काहींच्या बाबतीत तो काटा पुढे विरघळून दयाळूपण झाला. काहींच्या बाबतीत तो तसाच राहिला. असे लोक श्रीमंत झाल्यावर कोणालाही दारात उभे करीनात, आणि त्यांच्या कठोरपणाचा उगम त्यांच्या बायकामुलांनाही कधी समजला नाही. एकच अनुभव दोन माणसांना दोन दिशांना का नेतो, याचे पूर्ण उत्तर माझ्यापाशी नाही. मात्र आजोबांचा दाखला माझ्यापुरता मला असे सांगतो की, सात घरांपैकी एका घरी जरी भाताखाली तूप ठेवणारे कोणी भेटले, तर बाकीच्या सहा घरांचा कडवटपणा मनुष्य पचवू शकतो.

त्या पिढीने गरिबीची भीती लहानपणीच घालवून टाकली होती, ही गोष्ट सार्वजनिक जीवनात फार मोलाची ठरली. गोपाळ कृष्ण गोखल्यांना वार लावावे लागले नाहीत. वडील वारल्यावर थोरले बंधू गोविंदराव यांनी पंधरा रुपयांची नोकरी धरून त्यांतले आठ रुपये कोल्हापूरला धाकट्याकडे पाठविण्यास सुरुवात केली, आणि भावाच्या ताटातून कमी झालेल्या अन्नावर आपण शिकत आहोत ही जाणीव गोखल्यांनी जन्मभर वागविली. टेंभूच्या दरिद्री घरातून आलेल्या आगरकरांची कहाणी तर घरोघर सांगितली जात असे. डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या आजीव सभासदांनी दरमहा ७५ रुपयांवर वीस वर्षे शिकवावे असा जो निर्बंध घालून घेतला, तो लोकांस त्यागाचा कळस वाटला. पण मला वाटते, अर्धपोटी राहून शिकलेल्या मनुष्याला ७५ रुपये ही धास्तीची रक्कम वाटलीच नसावी.

आजोबा यातल्या कोणत्याही मोठ्या कामी पडले नाहीत. ते मामलेदार कचेरीत कारकून झाले, आणि तेथेच त्यांची हयात गेली. वडील सांगत की, अवर्षणाच्या साली तगाईच्या अर्जांची चौकशी त्यांच्याकडे आली म्हणजे ते चावडीवर बसून पाटील-कुळकर्ण्यांच्या सांगण्यावर पंचनामा लिहीत नसत. अर्जदाराच्या घरी जात, ओट्यावर बसत, आणि चुलीत आज विस्तव पेटला आहे की नाही, शिंकाळ्यावर काही टांगलेले आहे की नाही, जात्याभोवती पीठ सांडलेले आहे की नाही, एवढेच पाहत. त्यांचा अहवाल खोटा ठरल्याचे वडिलांना आठवत नव्हते. दप्तरातील कोणत्याही कायद्यात न लिहिलेली ही परीक्षा त्यांनी पुण्याच्या माजघरांत शिकून घेतली होती. परंतु वडील एवढ्यावर थांबत नसत. ज्या कुणब्याच्या चुलीकडे पाहून आजोबांचे डोळे भरून येत, त्याच्या घरचे पाणी मात्र ते पीत नसत. उन्हातून चार कोस चालून आल्यावरही पीत नसत.

येथे या रिवाजाची मर्यादा उघडी पडते, आणि ती फार मोठी मर्यादा आहे. शिजलेले अन्न हे जातीच्या कुंपणातच फिरणारे अन्न होय. कोरडा शिधा, म्हणजे पीठ, तांदूळ, डाळ, एका जातीकडून दुसऱ्या जातीकडे जाऊ शके. विस्तवावर चढलेले अन्न आणि पाणी तसे जाऊ शकत नसे. वार शिजलेल्या अन्नाचा होता, म्हणून तो त्याच जातीच्या मुलापुरता राहिला. आजोबांना जी घरे मिळाली ती सारी एका वर्तुळातली, आणि म्हणून त्यांना जे जग कळले तेही त्या वर्तुळाएवढेच कळले. बाहेरच्या चुलीविषयी करुणा आली, पण तिच्याशी पंगत जुळली नाही. आणि ज्या मुलाचा बाप माळी, मराठा, धनगर किंवा महार होता, तो मुलगा पुण्यात, सातारला, कोल्हापुरात शिकावयास आला, तर त्याच्यासाठी कोणत्याही पेठेत कोणताही वार नव्हता. बुद्धी कमी पडली म्हणून ही मुले मागे राहिली असे म्हणणाऱ्यांनी त्यांच्या जेवणाची चौकशी कधी केली नाही.

ती चौकशी राजर्षी शाहू महाराजांनी केली. १८९६ मध्ये त्यांनी कोल्हापुरात सर्वांसाठी म्हणून एक वसतिगृह उघडून पाहिले, पण ते हळूहळू एकाच जातीच्या विद्यार्थ्यांचे होऊन बसले. तेव्हा अन्नाचे कुंपण उपदेशाने मोडत नाही हे ओळखून महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढले, आणि पुढे जैन, लिंगायत, मुसलमान अशा एकेका समाजासाठी बोर्डिंगे उघडविली; १९०८ मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. जातवार वसतिगृहांनी जात पक्की होते असा आक्षेप त्या वेळीही होता. मला तो टिकाऊ वाटत नाही. उपाशी मुलाला आधी जेवू घालावे आणि मग एका पंगतीला बसवावे, हाच क्रम त्या परिस्थितीत शक्य होता.

एका पंगतीचे काम ज्याने पुढे केले तो मनुष्य याच कोल्हापुरी बोर्डिंगांतून गेलेला होता. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगात राहून शिकत होते. त्यांच्या चरित्रांत एक प्रसंग येतो: मिस क्लार्क बोर्डिंगाच्या समारंभाला ते जाऊन आले, परत आल्यावर स्नान करून मगच पंगतीला बसावे असे त्यांस सांगण्यात आले, त्यांनी ते नाकारले आणि बोर्डिंग सोडावे लागले. भुकेल्या विद्यार्थ्याला ताटावरून उठविणे म्हणजे काय, हे त्यांनी पुस्तकात वाचलेले नव्हते. १९१९ मध्ये कऱ्हाडजवळ काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली, १९२४ मध्ये सातारला वसतिगृह सुरू केले, आणि तेथे मराठा, महार, मांग, मुसलमान, जैन, सर्व मुले एकत्र शिजवू, एकत्र जेवू आणि एकत्र भांडी घासू लागली. १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते त्या बोर्डिंगास छत्रपती शाहू महाराजांचे नाव मिळाले. भाऊरावांनी गावोगाव मुष्टिफंडाची चाल पाडली; रोजच्या दळणातून मूठभर धान्य बाजूला काढावे आणि ते वसतिगृहास द्यावे. सात घरांच्या शिजलेल्या अन्नाच्या जागी शेकडो घरांचे कोरडे धान्य आले, ते एकाच चुलीवर शिजले, आणि जे कुंपण अन्नाला ओलांडता येत नव्हते ते धान्याने ओलांडले. मुलगा कोणा एका यजमानाचा मिंधा राहिला नाही, आणि संस्थेच्या शेतात स्वतः राबून आपल्या भाकरीचा वाटा आपण मिळवू लागला. याच सुमारास, १९२५ च्या आरंभी, डॉ. आंबेडकरांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेने सोलापुरात अस्पृश्य विद्यार्थ्यांचे वसतिगृह उघडले.

मुलींचे काय? आठवड्याचा एकही वार मुलीसाठी नव्हता. मुलीने परगावी शिकावयास जाऊन परक्या घरी जेवावे, ही कल्पनाच कोणाच्या मनात आली नाही. वाढणाऱ्या सर्व स्त्रिया, आणि जेवणारे सर्व मुलगे. हे ज्यांनी बदलले त्यांच्याकडे पाहिले म्हणजे पुन्हा अनुभवाचीच गोष्ट निघते. पंडिता रमाबाईंनी आईबापांबरोबर तीर्थे हिंडत, पुराणे सांगत, सारा हिंदुस्थान पायी पाहिला होता, आणि दुष्काळात त्यांना उपासमारीने जाताना पाहिले होते. १८८९ मध्ये विधवांसाठी शारदा सदन काढणाऱ्या, आणि १८९६-९७ च्या दुष्काळात उपाशी मुलींना उचलून केडगावी आणणाऱ्या रमाबाईंस भुकेची ओळख कोणी करून द्यावी लागली नाही. धोंडो केशव कर्व्यांनी १८७५ साली, सतरा वर्षांचे असताना, एका परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत शंभराहून अधिक मैल घाटांतून पायपीट केली, आणि वयाने लहान दिसतोस म्हणून त्यांना परत पाठविण्यात आले. दारापर्यंत येऊन दार बंद होणे म्हणजे काय, ते त्यांना तेथे समजले. १८९३ मध्ये त्यांनी शारदा सदनातील पहिल्या विधवा विद्यार्थिनीशी, गोदूबाईंशी, विवाह केला, मुरुडने त्यांना वाळीत टाकले, १८९६ मध्ये त्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला, आणि १९०० मध्ये तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत नेल्यावर फर्ग्युसनचे तास संपवून ते रोज चिखलातून चालत तेथे जात. आजोबांच्या शनिवारच्या घरची ती बालविधवा हिंगण्यास पोहोचली की नाही, हे आजोबांनी कधी सांगितले नाही. मी वडिलांना विचारले, तेव्हा ते गप्प राहिले.

रिवाज एकाएकी मोडला नाही. १८९७ च्या प्लेगने पुण्यातील पेठा ओस पाडल्या, तेव्हा अनेकांचे आठवडे विस्कटले. १९०९ मध्ये पुण्यात अनाथ विद्यार्थी गृह स्थापन झाले आणि निराधार मुलांना स्वतःचे छप्पर मिळाले. दुसऱ्या महायुद्धात रेशनिंग आले; माणशी मापून मिळणाऱ्या धान्यात वाराच्या मुलाचे माप कोणत्या कार्डावर लिहावे? कुळकायद्याने गावाकडून येणारे धान्य थांबले, वाडे वाटले गेले, माजघरांच्या दोन खोल्या झाल्या. १९५५ मध्ये विद्यार्थी साहाय्यक समितीसारखी संस्था पुण्यात उभी राहिली, १९५९ मध्ये वर्षास १२०० रुपयांहून कमी उत्पन्न असलेल्या पालकांच्या मुलांना यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने फी माफ केली, आणि त्यानंतर पेठांतून पंचा नेसून पाट शोधणारा मुलगा दिसेनासा झाला. त्याच्या जाण्याचे मला दुःख नाही. कोणाही बालकाला विद्येसाठी दुसऱ्याच्या पाटावर मान खाली घालून बसावे लागू नये, हेच योग्य होते.

दुःख दुसऱ्या गोष्टीचे आहे. आजोबांच्या कागदावर सहा आडनावे आहेत, ती सर्व पुरुषांची आहेत, आणि ज्यांनी पीठ मळले, विस्तव फुंकला, आणि परक्या मुलासाठी एक भाकरी अधिक थापली, त्यांच्यापैकी एकीचेही नाव त्यावर नाही. त्या मुलाला त्या सोमवारच्या काकू, बुधवारच्या वहिनी एवढ्याच ठाऊक होत्या. सातारच्या बोर्डिंगात धान्य संपले त्या दिवशी भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी आपले मंगळसूत्र काढून दिले, आणि १९३० मध्ये त्या वारल्या, एवढे निदान नोंदले गेले आहे. बाकीच्यांची नोंद नाही. ज्यांच्या घरी वार लावून, माधुकरी मागून किंवा बोर्डिंगात मुष्टिफंडाच्या धान्यावर शिकलेले कोणी वृद्ध अजून हयात असतील, त्यांनी आजच त्यांच्याजवळ बसावे, आणि त्यांस जेवू घालणाऱ्या बायांची नावे, गावासहित, एका कागदावर उतरवून घ्यावीत.